आदल्या संध्याकाळचं घर

आमचे हे मालगाडीवर गार्ड होते आणि ड्यूटीवर नेण्याची त्यांची लोखंडी पेटी म्हणजे शिस्तीचा नमुना होता. लाल झेंडा कुठे, हिरवा कुठे, टॉर्च, शिट्टी, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, सगळ्याला आपापली जागा. अंधारात हात घातला तरी हवं तेच हाताला लागतं, असं ते अभिमानानं सांगायचे. हाच माणूस घरी आला की ओला टॉवेल गादीवर टाकायचा आणि थोड्या वेळानं मलाच विचारायचा, "टॉवेल कुठं आहे?" दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन्ही खोल्यांत पसरलेला होता.

मीही काही फार उजेड पाडत नव्हते. पण दोष एकट्या माझा नव्हता. नागपूरकडून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हापासून आमच्या घराला घड्याळच नव्हतं म्हणा ना. ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलमन सायकलवरून यायचा, दारावर थाप मारायचा, वहीत सही घ्यायचा, की लगेच ह्यांचा डबा करायला पळायचं. कधी दुपारी चारला नाश्ता, कधी पहाटे जेवण. त्यामुळे आधीपासून काही करून ठेवावं, हे मला सुचलंच नाही. तहान लागली की विहीर खणायची ही आमची पद्धत, आणि खरं सांगते, त्या विहिरींना पाणीही लागायचं. कधी थोडं गढूळ, इतकंच.

मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी मला सी-स्कीम भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली. शटर उघडायचं, पंखे लावायचे, पेशंटची कार्डं काढून ठेवायची, फोन घ्यायचे. बी. कॉम. होऊन इतकी वर्षं मी फक्त वाण्याच्या हिशोबात चुका काढत होते, त्यामुळे काउंटरमागच्या त्या फिरत्या खुर्चीत पहिल्यांदा बसले तेव्हा मी ती एक गिरकी फिरवून घेतली. कोणी बघत नव्हतं.

माझ्याहून जास्त आनंद सासूबाईंना झाला होता. त्या आमच्याकडेच असायच्या. रविवारी विहारात वंदनेला गेल्या की "माही सून दवाखान्यात हाये" असं अशा थाटात सांगायच्या, की एकदोन बाया मला गुडघेदुखीवर गोळी विचारायला आल्या. मी दातांचं सांगितलं, तर त्यांनी तिथल्या तिथे तोंड उघडून दाखवलं.

थंडीत दवाखाना दहाला उघडायचा तोवर सगळं निभलं. होळी झाली आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी कार्डांवरून नजर न उचलता सांगितलं, "अप्रैल से गर्मी का टाइम है. साढ़े सात पे शटर ऊपर. पहला हफ़्ता देखूँगी. हो गया तो नौकरी पक्की, चाबी आपके पास ही रहेगी. नहीं हुआ तो पास में रहने वाली कोई ढूँढनी पड़ेगी. बुरा मत मानिएगा."

"हो जाएगा, मैडम," मी म्हटलं. परतीच्या टेम्पोत मी बोटांवर तास मोजत बसले. मला ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. सकाळी केसांना क्लिप लावून, खांद्याला पर्स अडकवून घराबाहेर पडताना मला मी आवडायला लागले होते.

साडेसातला पोचायचं म्हणजे सातला घर सोडायचं. उन्हाळ्यात मुलीची शाळाही लवकर, तिची सायकलरिक्षा माझ्याआधी यायची. तेही जमवलं असतं. खरी अडचण होती सासूबाईंच्या भाकरीची. त्यांना रोज सकाळी आठला जेवण लागायचं, त्यावर साखरेच्या आजाराची गोळी. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे गॅसजवळ एकट्यानं जायचं नाही असं ह्यांनी त्यांना बजावलेलं. आणि भाकर हवी तव्यावरून थेट ताटात उतरलेली. ज्वारीची. पीठ रेल्वेच्या पासवर थेट गावाहून यायचं.

एखाद्याला वाटेल, म्हातारीचे चोचले. चोचले नव्हते ते. सासूबाई वर्ध्याकडच्या खेड्यातल्या. त्या लहान असताना त्यांची आई गावात घरोघर जाऊन भाकर मागून आणायची. ती भीक नव्हती, गावाची कामं केल्याचा मोबदला होता. पण देणारे भीक असल्यासारखाच द्यायचे, वरून पदरात टाकून, आणि नेहमी रात्रीची उरलेली. पुढे आमची माणसं बौद्ध झाली, ते मागणं सुटलं, आणि त्यांच्या आईनं चुलीवर ताजी भाकर टाकून पोरांना सांगितलं, यापुढे ह्या घरात शिळं येणार नाही. सासूबाईंनी ते जन्मभर पाळलं. आमच्याकडे उपास नाहीत, नवस नाहीत, पण ही एक गोष्ट कुठल्याही व्रतापेक्षा कडक होती. रात्रीची भाकर उरली तर ती गाईला जायची. म्हणून मी भाकरी मोजूनमापून करायचे आणि हमखास कमी पडायच्या.

असं सगळं डोक्यात घोळत असतानाच बासोडा आला.

होळीनंतर आठवडाभरानं जयपुरात हा सण असतो. मला त्याचा गंधही नव्हता. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये तिकडच्याच एक बाई राहायच्या, त्यांना आम्ही भाभीजी म्हणायचो. त्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते, अर्धी परातीत आणि अर्धी कोपरापर्यंत, तेवढ्यात भाभीजी दारात. नवी चुनरी, हातभर बांगड्या, डोळ्यांत काजळ. हातातल्या ताटात घारग्यांसारखे पुए, पुऱ्या, पकोडे आणि वाटीत बाजरीची राबडी. दार सासूबाईंनी उघडलं होतं. त्यांनी ताट हातात घेतलं, पुरीला बोट लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"थंडं हाये हे," त्या म्हणाल्या. मग ताटाजवळ नाक नेऊन, "हे कालचं हाये! इचार तिले, काहून आणलं? आमच्या दारात शिळं आणून देऊन राहिली?"

भाभीजींना मराठी कळत नव्हती, पण आवाज कळला. त्या तर हसतमुखानं प्रसाद घेऊन आलेल्या. "माताजी, आज तो ठंडा ही खाते हैं," त्या गडबडून म्हणाल्या. "शीतला माता का बासोड़ा है. कल सब बना लिया, आज चूल्हा नहीं जलाते."

सासूबाईंनी ताट पुढे धरलं, परत घे म्हणून. भाभीजींचं तोंड एवढंसं झालं. मी पिठाचे हात घेऊन मध्ये उभी, कुणाला काय सांगू कळेना. शेवटी मुलगीच पुढे आली. तिची मराठी म्हणजे निम्मी शाळेतली हिंदी. "आजी, मतलब आज सगळ्यांच्या घरी थंडंच आहे. माझ्या टीचरच्या घरी पण."

"सगळ्यायच्या मंजे?" सासूबाईंनी डोळे बारीक केले. "मोठ्या लोकायच्या घरीबी?"

मी ते हिंदीत विचारलं. भाभीजींना आता अंदाज आला असावा, काहीतरी दुखलंय. त्या अगदी हळू म्हणाल्या, "सिविल लाइंस के बंगलों में भी, माताजी. मंत्रीजी हों या कोई और, आज सब कल का खाएँगे."

"मंत्री?" सासूबाई स्टुलावर बसल्या. मग स्वतःच, आपल्या हिंदीत, "खुद खाता? नौकर को नहीं देता?"

"खुद, माताजी."

सासूबाईंनी ताट मांडीवर घेतलं. मग त्यांना हसू फुटलं, तेही असं की पदर तोंडाला लावावा लागला. "घ्या बाप्पा! माह्या मायच्या पदरात टाकत होते शिळं, अन् येथं मंत्री बसून खाऊन राहिला!" त्यांनी एक पुआ मोडून तोंडात टाकला. "गोड हाये," असा निकालही दिला. भाभीजींचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

भाभीजी गेल्यावर मात्र सासूबाईंनी मला बजावलं, "हे त्यायचं. वर्षातून एक दिवस. आपल्या घरात नाही." मी बरं म्हटलं. पण मी खिडकीतून बाहेर बघत होते. भाभीजींचं सगळं घर त्या वेळी जीपमध्ये बसून चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला निघालं होतं. सकाळची वेळ, आणि त्या बाईच्या हाताला पीठ नाही, अंगाला घाम नाही, मागे ओट्यावर काही राहिलेलं नाही. असूया वाटली मला. सरळ असूयाच.

दुसऱ्या दिवशी मी भाभीजींना विचारलं, हे जमतं कसं? त्या म्हणाल्या, आदल्या दिवसाला आम्ही रांधापुआ म्हणतो, त्या दिवशी सगळं रांधून घ्यायचं आणि शेवटी चूल धुऊन पुसून ठेवायची. "काम तो उतना ही है, बहनजी. बस दिन बदल गया."

एवढंच ते. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिजवणं आदल्या दिवशी करता येणार नाही, तर नाही. पण बाकीचं? सकाळी मी शिजवते किती, आणि शोधते किती? दवाखान्याची चावी, मुलीचा दुसरा मोजा, चहाची गाळणी, माझी क्लिप, ह्यांचा टॉवेल. माझी निम्मी सकाळ शोधण्यातच जात होती.

त्याच संध्याकाळी मी कंबर कसली आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले. भाजी चिरली भेंडीची. सकाळी ती बुळबुळीत होऊन एकमेकींच्या गळ्यात पडली होती. वांगी चिरून ठेवली ती काळी ठिक्कर. कांद्याच्या वासानं फ्रिजमधलं दूधसुद्धा कांद्याचं लागायला लागलं. वर कपाटं आवरायला काढली, सगळे कपडे खाली आणि मी त्यांच्या मधोमध, तेवढ्यात कॉलमन आला. एक ना धड, भाराभर चिंध्या. हे डबा घेऊन निघताना दारात म्हणाले, "सगळं एकदम कशाला करतेस? पेटी लावतात तसं कर. एका वस्तूला एक जागा ठरव. ती पचली की दुसरी. आणि तपासताना मनात नाही, तोंडानं म्हणायचं."

ओला टॉवेल गादीवर टाकणाऱ्या माणसाकडून हे ऐकताना मला असा राग आला, की मी दार जरा जोरातच लावलं. पण सल्ला खरा होता.

सुरुवात चावीपासून केली. दाराच्या मागे एक खिळा ठोकला, चावी त्यावरच. ते अंगवळणी पडल्यावर मुलीचं दप्तर आणि बूट त्याच खिळ्याखाली. मग भाज्या. कोबी, गवार, मटार रात्र काढतात. भेंडी, वांगी काढत नाहीत, त्यांना सुट्टीच्या दिवसावर ढकललं. चहाच्या भांड्यात पाणी मोजून ठेवायचं. डबे उघडे, झाकणं शेजारी. सगळ्यात शेवटी ओटा पुसायचा. मला वाटलं होतं शिस्त म्हणजे माझ्यासारखीला शिक्षा. पण पुसलेल्या ओट्यासमोर सकाळी उभं राहिलं, की कुणीतरी आपल्यासाठी आधीच राबून गेलंय असं वाटायचं. ते कुणीतरी म्हणजे मीच होते, तरी मला तिचे आभार मानावेसे वाटत.

तोंडानं म्हणायचं काम मुलीनं उचललं. जेवणं झाली की ती खोलीच्या मधोमध उभी राहून ओरडायची.

"चावी?"

"खिळ्यावर!"

"दप्तर?"

"खिळ्याखाली!"

"चहाचं पाणी?"

"भांड्यात!"

हे घरी असले की तेही गार्डाच्या आवाजात साथ द्यायचे. एकदा तिनं "बाबांचा टॉवेल?" असं विचारलं. हे उठले, गादीवरून टॉवेल उचलला, दोरीवर टाकला आणि परत येऊन म्हणाले, "दोरीवर." सासूबाई कोपऱ्यात बसून हसत होत्या, पण ह्या खेळात त्या नव्हत्या. त्यांच्या नावाचं काही विचारायला आम्हाला धीर झाला नव्हता.

मार्च संपत आला तेव्हा मी रंगीत तालीम घेतली. दवाखाना अजून दहाचाच होता, पण मी सातला निघून बघायचं ठरवलं. सगळं घड्याळासारखं झालं. फक्त भाकर. ती मी लवकर टाकली, कापडात गुंडाळली आणि गरम राहणाऱ्या डब्यात ठेवून, सासूबाईंना सांगून निघाले. आठला त्यांनी डबा उघडला. वाफेनं भाकर ओलसर झालेली. "घामेजली," म्हणून त्यांनी झाकण लावून टाकलं आणि गोळी घेतली नुसत्या चहावर. दुपारी मी घरी आले तर त्या पलंगावर, कपाळावर घाम, आणि भाभीजी त्यांना चमच्यानं साखरेचं पाणी पाजतायत. त्यांना चक्कर आली होती.

आधी मी घाबरले, मग चिडले. डब्यात गरम भाकर होती, खायला काय झालं होतं? आणि मग मला माझ्या चिडण्याचीच लाज वाटली. त्यांनी आयुष्यात मागितलं काय होतं? एक ताजी भाकर. तीही नोकरीपायी हिरावून घ्यायची का?

संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं. "मी उद्या डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून सांगून येते. त्यांना दुसरी बघू दे."

हे बुटांना पॉलिश करत होते, त्यांचा ब्रश थांबला. पलंगावरून आवाज आला, "काहून?"

"तुमचं जेवण होत नाही आई."

"माह्या भाकरीच्या नावानं बिल फाडू नको!" सासूबाई उठून बसल्या. चक्कर आलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. "इहारात मी सगळ्यायले सांगून ठेवलं. आता काय सांगू, सून भाकरीसाठी घरी बसली? परात आण."

"आई, आता कशाला, जेवणं झाली."

"परात आण म्हटलं ना."

मी परात आणली. त्या भिंतीला टेकून बसल्या, गरम पाणी मागितलं आणि पीठ मळायला घेतलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण हातांना दिसत होतं. भाकर अशी गोल थापली गेली की मी कधी थापली नाही. गॅस मी सांभाळला, तव्यावर टाकून मीच शेकली. ती निवू दिली, मग त्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवली आणि डबा फडताळात, आपल्या चष्म्याशेजारी.

"उद्या सकाळी मी हे खाईन," त्या म्हणाल्या.

"आई, उद्या ती शिळी होईल."

"शिळं मंजे दुसऱ्याले नको झालं म्हणून आपल्याले देलेलं." त्या शांतपणे हातावरचं पीठ झाडत होत्या. "हे म्या केलं, माह्यासाठी ठेवलं. हे उद्या कालचं होईल. शिळं नाही होत." मग नातीकडे वळून, "आज काहून गप हाये तू? इचार ना मले."

मुलगी उडी मारून उठली. मग खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "आजीची भाकर?"

"फडताळात!" सासूबाई ओरडल्या, आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

आमची बदली होईपर्यंत दवाखान्याची चावी माझ्याकडेच राहिली. पुढे शटर उघडण्याच्या त्या सकाळी एकात एक मिसळून गेल्या. पण एप्रिलमधली ती पहिली सकाळ मला वेगळी आठवते. मुलगी रिक्षात बसून गेली होती. मी खिळ्यावरची चावी काढली, पर्स खांद्याला लावली आणि दाराबाहेर पडले, तर सासूबाई माझ्याआधीच पायरीवर. सातच वाजत होते, त्यांची वेळ आठची. मांडीवर ताट, ताटात आदल्या रात्रीची भाकर, तेल-तिखट आणि फोडलेला कांदा. ही बाई घराबाहेर बसून कधी घासभर जेवली नव्हती. लहानपणी लोकांनी दिलेलं खाताना कुणी पाहू नये म्हणून आई आपल्याला भिंतीकडे तोंड करून बसवायची, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. आज त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. क्वार्टरांच्या सगळ्या रांगेला दिसेल अशा.

भाभीजी समोर झाडत होत्या. त्यांनी हाक मारली, "माताजी, आज बाहर? क्या खा रही हो?"

"कल की रोटी!" सासूबाईंनी रांगेच्या टोकापर्यंत जाईल असं सांगितलं. "मैंने बनाई! बहू को टाइम पे जाना है!"

मी फाटकापाशी उभी राहिले. रडू येत होतं आणि कोपऱ्यावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा धरलेला हात वर केला आणि मला हाकललं.

"जाय ना! पाहून काय राहिली?"